आवाज नंतर टाकू

८ नोव्हेंबर १९९९

ऊसतोडीच्या टोळ्या आज निघाल्या. तांड्यात आता म्हातारे, शाळेची लेकरं आणि आम्ही दोघी-तिघी उरलो. ट्रॅक्टर वळणावर दिसेनासा झाला तरी दिपा दारात उभीच होती. मी म्हणाले, आत चल, तुझा बाप त्याच्यात नाही. असं बोलायला नको होतं, पण खरं होतं. गेल्या साली असाच ट्रॅक्टर गेला आणि परत येताना ट्रॉली उलटली. बाकीचे लंगडत का होईना उठले. थावरा उठला नाही.

थावरा. माझ्या माणसाचं नाव. तोंडानं मी ते कधी घेतलं नाही. कागदाला ऐकू जात नाही म्हणून लिहिते. घरात आम्ही गोरमाटी बोलतो, पण ती लिहायची कशी हे कुणी शिकवलं नाही, म्हणून हे मराठीत. मराठी मी खताच्या पोत्यांवर, एस.टी.च्या पाट्यांवर आणि दिपाच्या पुस्तकांत शिकले.

त्याचा एक फोटो आहे, कसल्याशा सरकारी कामासाठी काढलेला. त्यात तो साहेबानं रागावल्यासारखा बसला आहे. फोटोचं मला काही नाही. मला त्याची हाक पाहिजे, आणि ती आहे. तो जायच्या आदल्या वर्षी मुंबईची कंपनी तांड्यावर पिक्चर काढायला आली होती. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्याचा पिक्चर. हिरोला बैलाजवळ उभं राहता येईना, म्हणून थावराला घेतलं. साहेब म्हणाले, बैल घेऊन ये आणि कुणाकडं तरी पाणी माग. तो आला, वळला, कॅमेऱ्यामागच्या गर्दीत मी उभी होते तिकडं बघितलं आणि रोजच्यासारखी हाक मारली, "दिपारी याडी, पाणी!" दिपाची आई, पाणी. सगळा तांडा खदाखदा हसला. मी ओढणी तोंडात कोंबून पळाले. साहेब म्हणाले, हेच पाहिजे होतं.

ती हाक पिक्चरमध्ये आहे. पिक्चर हिंगोलीला लागला की जाऊन ऐकायची. माझं मागणं एवढंच आहे.

१२ डिसेंबर १९९९

हिंगोलीच्या मोंढ्यात, व्यापाऱ्यांच्या बाजारात, हळद निवडायचं काम लागलं. शेजारी हट्टा गावच्या सुमनबाई बसतात, त्याही माझ्यासारख्याच. आज हात वर करून म्हणाल्या, "पारुबाई, कपाळाला चालत न्हाई, मग हाताला कशी चालती गं ही हळद?"

मी म्हणाले, "व्यापाऱ्याची हाय. त्याला चालती."

हसलो दोघी. मग त्यांनी विचारलं, "घरी करमतं का?" मी म्हणाले, करमत न्हाई. त्या म्हणाल्या, करमणार बी न्हाई, वाट पाहू नको.

१६ जुलै २०००

रविवार. लिंबाखाली पेपर वाचला. हिंगोलीहून कुणी ना कुणी पेपर आणतो, मी मोठ्यानं वाचते आणि तांडा ऐकतो. आधी बाजारभाव, मग पाऊस, मग खून-मारामाऱ्या, असा वसराम काकांचा हुकूम. वसराम काका थावराचे चुलते. पिक्चरमध्ये त्यांनाही घेतलं होतं, तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, म्हणून. तेव्हापासून ते जरा छाती काढून चालतात.

आज आतल्या पानावर कोपऱ्यात ओळ होती. "लमाण तांड्यावरील चित्रपट करमुक्त." खाली आपल्याच पिक्चरचं नाव. ती ओळ मी तीनदा मोठ्यानं वाचली. दिपानं पाणी आणून दिलं.

"करमुक्त म्हंजे काय गं?" काका म्हणाले.

मी विचार केला. दिपाच्या पुस्तकात कवितेखाली शब्दांचे अर्थ दिलेत, तिथं कर म्हणजे हात. हातातून मुक्त, म्हणजे सुटला. कर म्हणजे घरपट्टीसारखा कर, हेही मला माहीत आहे. कर नाही म्हणजे पैसे नाहीत. कसंही धरलं तरी अर्थ जुळत होता. मी सांगितलं, पिक्चर सुटला आणि बघायला फुकट आहे.

"सरकारनं सोडला म्हन की!" काका उठूनच उभे राहिले. "मंगळवारी टेंपो सांगा रे."

१८ जुलै २०००

लिहू नये असं वाटतं, तरी लिहिते.

टेंपोत सगळा तांडा कोंबला. बायांनी लग्नातल्या काचा जडवलेल्या चोळ्या काढल्या होत्या. काकांनी फेटा बांधला होता. मी दिपाची वेणी दोनदा घातली. मला वाटेत सारखं वाटत होतं, की हाक आली की यावेळी पळायचं नाही, बसून राहायचं.

टॉकीजवर हिंदी मारामारीचं पोस्टर. आम्ही फाटकातून सरळ आत निघालो तर गेटवाला आडवा झाला. "ओ, बरात कुठं निघाली? तिकीट?"

"फुकट हाय," काका म्हणाले. "आमी सोताच पिच्चरमदी हाव."

"पिच्चरमदी हाव तर पिच्चरमदीच जा की बाबा. इथं काहून आले?"

पानटपरीवरची माणसं हसायला लागली. आतून मॅनेजर आले, अमृतराव. जाड चष्मा, शांत माणूस. त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं फुकट? सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी पेपरचं कात्रण पुढं केलं.

त्यांनी ते वाचलं. हसले नाहीत. म्हणाले, "बाई, करमुक्त म्हंजे तिकीट माफ न्हाई. तिकिटातला सरकारचा हिस्सा माफ. तोबी पिच्चर लागला तर. हा आमच्याकडं आलाच न्हाई. जो लागलाच न्हाई त्याच्यात काय माफ करावं?"

परत येताना काकांनी टेंपोत फेटा सोडून मांडीवर ठेवला. आमच्या दाखल्यावर जातीपुढं सरकार 'विमुक्त' लिहितं, ते तांड्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे. काका म्हणाले, "आपन विमुक्त, पिच्चर करमुक्त. दोघंबी कागदावरच सुटले."

सगळे हसले. मी सोडून.

२३ जुलै २०००

रविवार. पेपर आला, पण लिंबाखाली कुणी बसलं नाही. शेवटी काका आले. म्हणाले, "फकस्त पावसाचं वाच. त्याचा अर्थ सांगू नको."

११ ऑगस्ट २०००

मोंढ्यातून सुटल्यावर टॉकीजवर गेले. एकटीच. अमृतरावांनी बाकावर बसवलं, चहा मागवला. मी विचारलं, साहेब, तो पिक्चर कधी येईल? त्यात माझा माणूस आहे.

ते म्हणाले, "येणार न्हाई बाई. खरं सांगतो, वाईट वाटून घेऊ नका."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मला समजलं तेवढं लिहिते. मराठी पिक्चर हिंदीपुढं टिकत नाही, म्हणून सरकार त्याला हात देतं. कर माफ करतं. शिवाय एक पिक्चर काढला की पुढच्याला मदत मिळते. हेतू चांगला आहे, असं ते दोनदा म्हणाले. यातून चांगले पिक्चरही आले, तेही त्यांनी लावले, लोकांनी बघितले. पण काही जण फक्त मदतीपुरता काढतात.

"तुमच्या कंपनीनं कुठंतरी एक टॉकीज भाड्यानं घेतलं असंल. सकाळचा खेळ. पंख्याखाली चार मानसं. झालं, पिच्चर लागला. आता दुसऱ्याची तयारी."

"मग आमी बघायचा कुठं?"

"पिच्चर पुरा करायला लागतो. तुमी बघितलाच पायजे असं कुनी म्हनत न्हाई."

मी विचारलं, हा कर असतो तरी कसला? ते म्हणाले, "करमणूक कर. मानसाला करमलं की त्याच्यातून सरकारचा हिस्सा."

मला सुमनबाईंचं बोलणं आठवलं. म्हणाले, "मला करमतच न्हाई साहेब. म्हंजे मीबी करमुक्तच."

त्यांनी चष्मा काढून पुसला. चहाचे पैसे घेतले नाहीत.

४ मार्च २००१

आज भाकरी थापताना एकदम लक्षात आलं की त्याचा आवाज आठवत नाही. काय म्हणायचा ते सगळं आठवतं. कसा म्हणायचा ते नाही. आवाज जाड होता का? शेवटी घोगरा व्हायचा का? दिपाला विचारलं. ती म्हणाली, "चांगला होता." लेकरू आहे, तिला काय विचारायचं.

काकांचा आवाज त्याच्यासारखा आहे असं लोक म्हणतात. मी त्यांना म्हणाले, काका, एकदा मला दिपारी याडी म्हणून हाक मारा. ते बावचळले. "येडी का काय तू?" म्हणाले आणि काठी आपटत गेले.

पिक्चरमध्ये आहे तो. कुठंतरी डब्यात बंद आहे.

९ जानेवारी २००३

बऱ्याच महिन्यांनी लिहिते. कंपनी परत आली.

दोन जीप धूळ उडवत आल्या. जुनेच साहेब, पोट सुटलंय. सोबत हिंगोलीचा दिपक, मागच्या वेळी तो चहा वाटायचा, आता हातात वॉकीटॉकी आहे. नवा पिक्चर तांड्यातल्या विधवेचा. साहेब माझ्या दारासमोर उभे राहिले आणि दोन्ही हातांची चौकट करून बघितली. "अगदी असंच घर. काही हलवू नका. ती पडकी भिंतसुद्धा."

दिपकनं सांगितलं, चार दिवस घर द्यायचं, तांड्यातल्या सगळ्यांना कामाचा रोज मिळेल. काकांनी लगेच फेटा शोधायला लावला.

मी म्हणाले, "घर देते. आधी जुना पिच्चर दाखवा."

दिपक हसला. "वहिनी, तो कुठं आता?"

"तुमीच काढला ना? मग तुमालाच ठाव. तो बघितल्याबिगर माझ्या दारात कुनी पाय ठेवायचा न्हाई."

काका माझ्यावर चिडले. तांड्याचा रोज बुडवते म्हणाले. बायाही आल्या समजावायला. मी चुलीपुढून उठले नाही. साहेबांना घर फार आवडलेलं दिसतंय. जाताना म्हणाले, कॅसेट मागवा रे एक.

१५ जानेवारी २००३

दुपारी शाळेत पिक्चर दाखवला. खिडक्यांना सतरंज्या लावल्या. टीव्ही आणि कॅसेटचं यंत्र हिंगोलीहून भाड्यानं, वीज पिक्चरवाल्यांच्या जनरेटरची. सगळा तांडा खाली बसला. मी दिपाचा हात धरून पुढं.

आधी शासनाचे आभार आले. मी मोठ्यानं वाचले. मग डोंगर, बैल, धूळ, गाणं. मग वसराम काका. ओरडाआरडा झाला. पडद्यावरचे काका काठी टेकून पुढं आले, तोंड उघडलं आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखा आवाज आला, "तरुणांनो, आपली वाट बिकट आहे, परंतु थांबून चालणार नाही."

हसण्याचा असा लोट आला की मास्तर बाहेरून धावत आले. काका हसले नाहीत. ते इकडंतिकडं बघून विचारत होते, "ह्यो कोन बोलून राहिला माज्या तोंडातून? कोन हाय ह्यो?"

पुढं सगळ्यांचं तसंच. तांड्यातल्या म्हाताऱ्या पुण्याच्या मास्तरणीसारख्या बोलत होत्या. प्रत्येकाचं तोंड आलं की लोक पोट धरून हसायचे. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलं असेलही. पण मी म्हणत होते, त्याचं तसं नसणार. साहेब म्हणाले होते, हेच पाहिजे होतं.

मग तो आला. बैलाच्या बाजूनं चालत. डाव्या पायाची जरा ओढ होती, ती मी विसरलेच होते. थांबला. वळला. थेट माझ्याकडं बघितलं.

"अगं ए, ऐकलंस का? जरा पाणी आण बघू."

गोड, गुळगुळीत आवाज. कुण्या परक्याचा. आणि लगेच पडद्यावर मी उभी होते त्या जागी एक गोरी नटी, हातभर चुडे घातलेली. ती म्हणाली, "आणते हो."

कुणी हसलं नाही. दिपानं माझा हात घट्ट धरला.

मी दिपकला म्हणाले, मागं घे. त्यानं घेतलं. म्हणाले, आवाज बंद कर. त्यानं केला. तो परत चालत आला, थांबला, वळला. मी जवळ सरकून काचेपाशी बसले. मी अक्षर अक्षर जोडून वाचायला शिकले तसंच बघितलं. दात दिसले, ती दि. ओठ मिटून उघडले, तो पा. मग तोंड मोठं उघडलं, ते या. दिपारी याडी. तो मलाच हाक मारत होता. ते पुसता आलेलं नाही.

"काय गं याडी, काय दिसलं?" दिपानं विचारलं.

"तुझं नाव," मी म्हणाले.

सगळे गेल्यावर दिपकला विचारलं, त्या दिवशी कॅमेऱ्याजवळ एक पोरगा कानाला यंत्र लावून आवाज भरत होता. तो खरा आवाज कुठं आहे?

"तो कच्चा असतो वहिनी. स्टुडिओत बोलनाऱ्याला ऐकवायपुरता. मग ती टेप पुसून पुन्हा वापरतो. टेप महाग असती."

"कशावर वापरली?"

"आता ते कसं सांगू? कुठल्यातरी पिच्चरला."

म्हणजे त्याच्या हाकेवर दुसरं कुणीतरी बोललं. तेही नंतर पुसलं असेल.

१६ जानेवारी २००३

घर देणार नव्हते. काका सकाळी आले. आज आवाज उतरलेला होता. म्हणाले, "शब्द दिलाय तू. त्यांनी दाखवला, जसा होता तसा. आन रोज सगळ्या तांड्याचा हाय." मग जाताना थांबून म्हणाले, "माजा तर पुरा जल्मच दुसऱ्यानं बोलून टाकला."

घर दिलं.

१९ जानेवारी २००३

आज शेवटचा दिवस. विधवेचं काम मुंबईच्या बाईंचं. त्यांनी दोन दिवस केलं. आज त्यांना ताप आला. साहेब म्हणाले, लांबूनचा एक शॉट आहे, घरवालीलाच उभी करा, अंगकाठी सारखीच आहे.

दिपक मला समजावायला आला. दारात उभं राहायचं, रस्त्याकडं बघायचं, ओठ हलवायचे. "कायबी बोला वहिनी. एक ते धा आकडे म्हना. आवाज नंतर टाकू."

मी विचारलं, कुणाचा? तो म्हणाला, ते स्टुडिओत ठरतं.

मी दारात उभी राहिले. समोर वळण होतं, ट्रॅक्टर जातो ते. साहेब ओरडले, चला. सगळे गप्प झाले. बैल जिथून आणला होता ती जागा मला दिसत होती. तिथं तो वळला होता आणि मी पळाले होते. आवाज हे पुसणार आहेत. ओठ पुसता येत नाहीत, ते मी काचेपाशी बसून बघितलंय. म्हणून आकडे म्हटले नाहीत. आमच्या बोलीत म्हणाले, "आयी." म्हणजे आले. एकदा म्हणाले, मग पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

"कट!" साहेब खुर्चीतून उठले. "अरे, या बाई हसतायत. कुणी हाक मारल्यासारख्या. विधवा आहे ती. तिला कोण हाक मारणार? सांगा त्यांना, नुसतं गप्प उभं राहा. तोंड बंद."

दिपक धावत आला. हळूच म्हणाला, "गप उभ्या ऱ्हावा वहिनी. चांगलंच हाय, डबिंगचा खर्च वाचला."

दुसऱ्या खेपेला मी ओठ मिटून उभी राहिले. वळणाकडं बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

साहेब म्हणाले, हेच पाहिजे होतं.